दहा हजार सात गारगोट्या

एकदा काय झालं, बरं का, एका अख्ख्या राज्याची झोप उडाली.

एकाची नाही, दोघांची नाही. राजाची उडाली, राणीची उडाली, पहारेकऱ्यांचीसुद्धा उडाली. पहारेकऱ्यांनी तसं झोपायचं नसतंच, पण ते झोपायचे! आता तेही टक्क जागे. पाळण्यातली पोरं डोळे उघडे ठेवून आढ्याकडे बघत राहायची. गोठ्यात म्हशी उभ्याच्या उभ्या. कोंबडा तर आरवायचंच विसरला. उठवायचं कुणाला? सगळे उठलेलेच!

त्या राज्याचं नाव करंजगड. गडाच्या मागं एक मोठं पठार होतं, आणि पठारावर एकच एक बेहड्याचं झाड. त्या झाडावर राहायचा एक ब्रह्मराक्षस. ब्रह्मराक्षस म्हणजे साधासुधा राक्षस नव्हे हं. एखादा मोठा विद्वान मनात काहीतरी अडकून मेला, की त्याचा ब्रह्मराक्षस होतो. हा तिथं पुष्कळ वर्षं होता, पण आपला आपण होता. कुणाला त्रास नाही, काही नाही. मग एक दिवस त्याचा धीर सुटला. तो पठाराच्या कडेला आला आणि गडाकडे बघून ओरडला, "मी दोनशे वर्षं झोपलो नाही! आता तुम्हीही झोपायचं नाही!"

आणि तुमच्या अंगावरचं पांघरूण कुणी ओढावं ना, तशी त्यानं सगळ्या राज्याची झोप ओढून घेतली.

राजा धावत पठारावर गेला. हात जोडले. म्हणाला, "बाबा रे, आमचं काय चुकलं?"

राक्षसानं झाडाखाली बोट दाखवलं. तिथं पांढऱ्याशुभ्र गारगोट्यांचा ढीग होता, माणसाच्या छातीएवढा. राक्षस म्हणाला, "या गारगोट्या दहा हजार सात. यांच्या सारख्या रांगा लावा. प्रत्येक रांगेत सारख्याच गारगोट्या. एक उरता कामा नये, एक कमी पडता कामा नये. सगळ्यांची मिळून एकच लांब रांग केली, किंवा एकेक सुटी ठेवून तिलाच रांग म्हटलं, तर तो पोरखेळ मला चालणार नाही. मांडायचं एकट्यानं, आणि एकदाच. मांडणी अर्ध्यात सोडून गेलं की हरलं. जमलं तर तुमची झोप परत देईन. नाही जमलं तर आणखी काहीतरी घेईन."

तुम्हाला कळलं ना? बारा पेढे असले, तर चारचाराच्या तीन रांगा लागतात. एकही पेढा उरत नाही. तसं करायचं होतं त्याला. पण दहा हजार सातांचं!

मग पहिल्यांदा गेला सेनापती. मिशीला पीळ दिला, म्हणाला, "त्यात काय? माझे सैनिक उभे राहतात तशा गारगोट्या उभ्या करतो." त्यानं दहादहाच्या रांगा लावायला घेतल्या. सकाळपासून लावल्या. हजार रांगा झाल्या. आणि हातात किती राहिल्या? सात. सेनापतीला आला राग. त्यानं तलवार काढली आणि घातला घाव एका गारगोटीवर. ठिणगी उडाली, तलवारीला खाच पडली, गारगोटी आपली तशीच. राक्षस म्हणाला, "हरलास. आता मी तुमची डुलकी घेतो." तोवर लोकांना बसल्या बसल्या डुलकी तरी यायची. तीही गेली.

मग दुसऱ्यांदा गेले राजपंडित. हुशार माणूस. त्यांनी मनात हिशेब केला, शंभराच्या शंभर रांगा म्हणजे दहा हजार. वरच्या सात तेवढ्या नडतात. मग त्यांनी काय करावं? राक्षसाची पाठ वळली तशा त्या सात गारगोट्या गपकन तोंडात टाकल्या! गाल हे एवढाले फुगले. राक्षसानं येऊन बघितलं. शंभराच्या शंभर रांगा, कशा सुरेख, चारी बाजूंनी सारख्या. तो म्हणाला, "वा पंडितजी! आपलं नाव काय?"

"उं," पंडित म्हणाले.

"गाव कुठलं?"

"उं उं."

राक्षसानं एक मोराचं पीस घेतलं आणि हळूच पंडितांच्या नाकापाशी फिरवलं. हाऽऽक् छी! टण, टण, टण, सातच्या सात गारगोट्या बाहेर. राक्षस असा संतापला, असा संतापला! "लबाडी करता? आता तुमची जांभई घेतो." आणि गेली जांभई. लोक तोंड उघडायचे, पण नुसतं उघडंच राहायचं. ए, तू आत्ता दिलीस ना जांभई? बघ, केवढं सुख असतं त्यात.

मग तिसऱ्यांदा कोण गेलं? राणी गेली. तिचा राजपुत्र तान्हा होता, तेवीस महिन्यांचा. रडून रडून त्याचा आवाज बसला होता. राणीनं त्याच्या महिन्यांवर भरवसा ठेवला आणि तेवीसतेविसाच्या रांगा लावल्या. चारशे पस्तीस रांगा झाल्या. राणीला वाटलं, आता संपलं, जिंकले मी. बघते तर दोन गारगोट्या उरलेल्या. फक्त दोन! एक या मुठीत, एक त्या मुठीत घेऊन ती बिचारी ढसाढसा रडली. राक्षसालाही वाईट वाटलं. पण शब्द म्हणजे शब्द. त्यानं राज्यातल्या अंगाई घेतल्या. त्या दिवसापासून एकाही आईला अंगाईतली एकही ओळ आठवेना.

आणि जाता जाता राक्षस म्हणाला, "यापुढे कुणी हरलं, तर तुमच्या पापण्याच घेईन. मग डोळा मिटायचाही प्रश्न नको."

झालं. कोण जातंय आता?

गडाच्या पायथ्याशी कुंभारांची आळी होती. तिथं राहायची धुरपा. तिचा नवरा चाक फिरवायचा, आणि धुरपा कच्ची भांडी उन्हात मांडायची. माठ, परळ, पणत्या. पणत्या तर शेकड्यांनी. त्या अंगणात सारख्या रांगांनी मांडायच्या, म्हणजे वाळल्या की मोजायला सोप्या. लहानपणापासून तेच काम. त्यामुळे तिला न मोजता कळायचं, कुठला आकडा कसा बसतो ते. बारा कसेही मांडा, बसतात. चोवीस तर फारच गुणी. पण अकरा? तेरा? सतरा? ते बसतच नाहीत. एक लांब रांग करा, नाहीतर काहीतरी उरणारच. धुरपा त्यांना म्हणायची आडमुठे आकडे. शंभरापर्यंतचे सगळे आडमुठे तिला तोंडपाठ होते.

धुरपाच्या सासूला ताप आला होता. उतरत नव्हता. वैद्यबुवा येऊन नाडी बघून गेले. म्हणाले, "औषध मी देतो, पण ते अंगी लागायला झोप पाहिजे. झोप मी कुठून आणू?"

धुरपा सासूच्या कपाळावर ओल्या फडक्याची घडी ठेवत होती. ठेवता ठेवता म्हणाली, "आत्याबाई, तो ढीग लागणारच नसेल तर?"

"म्हणजे गं?"

"तेरा पणत्या लागत नाहीत ना रांगेत? तसा तो अख्खा ढीगच आडमुठा असला तर?"

"एवढा मोठा ढीग, आणि आडमुठा?"

"मोठी माणसं नसतात का आडमुठी?"

सासूला तापातही हसू आलं. "तुझे सासरे होते," ती म्हणाली. मग धुरपाकडे नीट बघून म्हणाली, "जाऊन सांग की मग. इथं माझ्या उशाशी बसून काय होणार?"

धुरपा दरबारात गेली. राजा ऐकून घाबरला. म्हणाला, "बाई, तू चुकलीस तर साऱ्या राज्याच्या पापण्या जातील."

धुरपा म्हणाली, "जातील महाराज. पण आहेत त्या तरी कुठं मिटतायत?"

राजानं मान डोलावली.

मग धुरपा पठारावर गेली. पदर खोचला, झाडाखाली उभी राहिली, आणि म्हणाली, "शास्त्रीबुवा, खाली या."

राक्षसानं कान टवकारले. दोनशे वर्षांत त्याला कुणी शास्त्रीबुवा म्हटलं नव्हतं. सगळे राक्षसच म्हणायचे. तो फांदीवरून वाकून म्हणाला, "मांडायला आलीस?"

"नाही. सांगायला आले. तुमचा ढीग लागत नाही."

"तुला नाही लागत म्हण."

"मला नाही, तुम्हाला नाही, कुणालाच नाही. तो आडमुठा आहे."

राक्षस धप्पकन खाली उतरला. चांगला ताडमाड, डोळे लाल लाल, जटा विस्कटलेल्या. म्हणाला, "सिद्ध कर."

धुरपानं बोटं मोजली. "पंचवीस दिवस द्या."

"दिले. पण एक ऐक. या पंचवीस दिवसांत एकदा जरी रांगा बरोबर लागल्या, तर तू खोटी. मग माझा ढीग लागलेला असेल, मी सुखानं झोपेन, आणि तुमच्या पापण्या बरोबर घेऊन जाईन."

"कबूल," धुरपा म्हणाली. आवाज ठाम होता, पण आतून ती घाबरली होती. कारण तिला काय होता, नुसता अंदाज! खात्री कुठं होती? खात्री करायलाच तर बसायचं होतं.

पहिल्या दिवशी तिनं दोनदोनाच्या जोड्या लावल्या. उगवतीला बसली ती उन्हं कलेपर्यंत. पाच हजार तीन जोड्या झाल्या, आणि एक गारगोटी उरली. दुसऱ्या दिवशी तीनतिनाच्या. दोन उरल्या. तिसऱ्या दिवशी तिनं पाचपाचाच्या लावायला घेतल्या, तसा राक्षस ओरडला, "थांब! चार कुठं गेला? चोरी करतेस?"

धुरपा म्हणाली, "शास्त्रीबुवा, समजा चारचाराच्या रांगा लागल्या असत्या. मग प्रत्येक रांग मधोमध मोडली असती, तर काय झालं असतं?"

"दोनदोनाच्या झाल्या असत्या."

"आणि दोनदोनाच्या लागतात का?"

राक्षस म्हणाला, "बरं, सहा?"

"सहाची रांग मोडली की तीनतिनाच्या दोन. तिनाच्या काल लागल्या नाहीत."

"आठ? नऊ? आणि दहा..." बोलता बोलता राक्षस थांबला. "दहाची मोडली की पाचपाचाच्या दोन," तो स्वतःशीच पुटपुटला, आणि मग आपण हे काय बोललो म्हणून त्यानं तोंडावर हात ठेवला.

"तेच तर," धुरपा म्हणाली. "म्हणून मी आडमुठेच तेवढे घेते. बाकीचे त्यांच्यातूनच झालेत. शंभरापर्यंत आडमुठे पंचवीस आहेत."

पाचाच्या लावल्या, दोन उरल्या. सातसाताच्या लावल्या, चार उरल्या. अकराच्या लावल्या, आठ उरल्या. रोज संध्याकाळी धुरपा पठाराच्या कडेला यायची आणि खाली बघून हाक द्यायची, "उरल्याऽऽ!" पायथ्याशी सगळं करंजगड जमलेलं असायचं. झोप नव्हतीच, दुसरं काम काय? तेही टाळ्या पिटून ओरडायचे, "उरल्याऽऽ!" मजाच की नाही? आधी एक गारगोटी उरली की लोक रडायचे. आता उरली की नाचायचे.

नवव्या दिवशी आला तेवीस. राक्षस म्हणाला, "हा तुमच्या राणीनं केलाय. सोड." धुरपा म्हणाली, "माझी पैज आहे, माझ्या हातानं करते." तिनं परत मांडलं. राणीला उरल्या होत्या तेवढ्याच उरल्या, दोन.

तेराव्या दिवशी एक्केचाळीसच्या रांगा चालल्या होत्या. राक्षस आता वरच्या फांदीवर बसत नव्हता, खालच्या फांदीवर येऊन बसायचा. गारगोट्यांवर पान पडलं तर फुंकर मारून उडवायचा. त्या दिवशी तो आपण होऊन बोलायला लागला.

"भर दरबारात मी म्हणालो होतो, कुठलाही ढीग आणा, सारख्या रांगा लावून दाखवतो. फार ताठा होता गं मला. मग एक म्हातारी उठली. तिनं पाट्या भरभरून गारगोट्या आणून ओतल्या. मी म्हणालो, याचा निकाल लागेपर्यंत डोळ्याला डोळा लावणार नाही. बसलो मांडायला. म्हातारा झालो. मेलो. निकाल लागला नाही."

"काय काय मांडून बघितलंत?" धुरपानं विचारलं. हात चालूच होते तिचे.

"मनात येईल ते. आज एकशे एक, उद्या सातशे, परवा आणखी काही. आणि काल काय मांडलं ते आज आठवत नाही. झोप नसली की काही म्हणजे काही आठवत नाही."

धुरपानं त्याच्याकडे बघितलं. तिच्या सासूचे डोळे असेच झाले होते, लाल आणि कोरडे. तिला त्याची भीती वाटेनाशी झाली. त्या दिवशी तीन गारगोट्या उरल्या.

अठराव्या दिवशी काय झालं, ती एकसष्टच्या रांगा लावत होती. निम्म्या झाल्या होत्या. तेवढ्यात खालून नवऱ्याची हाक आली, "धुरपे, लवकर ये! आईचा ताप डोक्यात चढलाय! कुणाला ओळखत नाही ती!"

धुरपाच्या हातातली गारगोटी खाली पडली. ती उठली, पुन्हा बसली. मांडणी अर्ध्यात सोडून गेलं की हरलं, असा नियम. पापण्या जाणार. पण घरी आत्याबाई! तिला रडूच कोसळलं.

राक्षस फांदीवरून उतरला. म्हणाला, "जा, बघून ये."

"नियम आहे ना?"

"नियम माझाच आहे. जा. तुझ्या रांगा मी राखतो."

धुरपा धावत सुटली. घरी सासू अंथरुणावर तळमळत होती. धुरपानं तिचे पाय धरले, तळव्यांना तूप चोळलं, कपाळावर पाण्याची धार धरली. घटकाभरानं सासूनं डोळे उघडले आणि तिला ओळखलं. ओळखलं आणि पहिलं वाक्य काय बोलली? "तू इथं कशाला? झाल्या का रांगा?"

"नाही आत्याबाई, मधेच..."

"मग ऊठ! मला काय बघतेस? काम टाकून येतात का? जा, पुरं करून ये. तोवर मी कुठं जात नाही."

धुरपा डोळे पुसत परत पठारावर आली. बघते तर काय, राक्षस रांगांपाशी हात पसरून उभा होता. वारा सुटला होता, एक शेळी चरत चरत जवळ आली होती, आणि हा एवढा थोरला ब्रह्मराक्षस त्या शेळीला "हाड, हाड" करत होता. एकही गारगोटी जागची हलली नव्हती. धुरपा बसली. एकसष्टच्या रांगा पुऱ्या केल्या. तीन उरल्या. तिनं कडेला येऊन हाक दिली, "उरल्याऽऽ!" आणि खाली कुंभार आळीतून एक बारीक, थकलेला आवाज आला, "शाब्बास गं पोरी!"

मग असे दिवस गेले आणि पंचविसावा दिवस आला. शेवटचा आडमुठा. सत्त्याण्णव.

धुरपा उगवतीच्या आधीच बसली. पाठ मोडून आली होती, बोटांची सालं निघाली होती. एक रांग, दोन रांगा, दहा, पन्नास. ढीग कमी कमी होत गेला. खाली राजा, राणी, पंडित, सगळे श्वास रोखून उभे. एकशे दोन रांगा झाल्या. आता पुढ्यात थोड्याच गारगोट्या होत्या. किती? नजरेनं कळेना. बरोबर सत्त्याण्णव असल्या, तर संपलं. तिनं शेवटची रांग लावायला घेतली. राक्षसही वाकून बघत होता. नव्वद. पंचाण्णव. शहाण्णव. सत्त्याण्णव.

आणि धुरपानं मूठ उघडली. मुठीत गारगोट्या होत्या! जमिनीवरही काही होत्या! तिनं मोजल्या. सोळा.

"उरल्याऽऽ!"

अहाहा! काय गलका झाला म्हणून सांगू! ढोल वाजले, पागोटी उडाली, सेनापतीनं पंडितांना खांद्यावर घेतलं.

"थांबा!" राक्षस गरजला. सगळं चिडीचूप. "हे शंभरापर्यंत झालं. पुढचं काय? एकशे एक? दोनशे? हजार? पाच हजार? ते सगळे मांडशील तर म्हातारी होऊन मरशील, माझ्यासारखी."

लोकांची तोंडं उतरली. राजानं डोळ्यांवर हात ठेवले. पण धुरपा शांत होती. तिनं उरलेल्या सोळांतल्या बारा गारगोट्या घेतल्या आणि राक्षसापुढं मांडल्या, चारचाराच्या तीन रांगा.

"शास्त्रीबुवा, इथून किती रांगा दिसतात?"

"तीन. चारचाराच्या."

"आता या कडेला येऊन बघा."

राक्षस वळसा घालून कडेला आला. बघितलं. "चार रांगा. तीनतिनाच्या."

"गारगोट्या हलवल्या का मी?"

"नाही."

"आता सांगा. एकशे एकाच्या एकशे एक रांगा लावायच्या, तर किती गारगोट्या लागतील?"

राक्षस विद्वानच होता. पटकन म्हणाला, "दहा हजार दोनशे एक."

"तेवढ्या आहेत तुमच्याकडे?"

"नाहीत."

"म्हणजे एका रांगेत एकशे एक किंवा त्याहून जास्त ठेवल्या, तर रांगा तेवढ्या होणारच नाहीत. शंभर होतील, नाहीतर त्याहून कमी. हो ना?"

"हो."

"मग तशा मांडणीच्या कडेला येऊन उभे राहा."

राक्षस खरंच दोन पावलं बाजूला सरकला. समोर काही नव्हतं, नुसती जमीन. पण त्याला दिसत होतं. त्याचे ओठ हलत होते. "कडेनं बघितलं की... प्रत्येक रांगेत शंभर... किंवा कमी. आणि शंभरापर्यंतचं..."

"शंभरापर्यंतचं सगळं झालंय," धुरपा म्हणाली. "पुढचं निराळं काही नाहीच. तेच आहे, दुसऱ्या बाजूनं बघितलेलं."

राक्षस मटकन खाली बसला. मग अगदी लहान मुलासारखं विचारलं, "म्हणजे मी मूर्ख नव्हतो?"

"नव्हतात शास्त्रीबुवा. तुम्ही रांगा मागत होतात, आणि तो ढीग रांगांचा नाहीच. तो अखंड आहे. त्याचे सारखे भाग कुणी करू शकत नाही, राजा नाही, राक्षस नाही. निकाल पाहिजे होता ना तुम्हाला? हा घ्या निकाल. लागत नाही!"

राक्षस हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "अखंड!" तो म्हणाला. "दोनशे वर्षं माझ्या पुढ्यात असा राजासारखा आकडा बसला होता, आणि मी त्याला शिव्या देत होतो!" त्यानं गारगोट्यांना हात जोडले, धुरपाला हात जोडले. आणि मग त्यानं तोंड उघडलं आणि दिली एक जांभई.

केवढी जांभई! दोनशे वर्षांची तुंबलेली! त्या जांभईतून पहिल्यांदा बाहेर पडल्या सगळ्यांच्या जांभया. मग अंगाई. मग डुलक्या. आणि मग सगळ्या राज्याची झोप, मऊ मऊ, पठारावरून खाली उतरत गेली. राक्षसाच्या जटा गळाल्या, नखं गळाली. एक साधे, शेंडीवाले म्हातारे शास्त्रीबुवा उरले. ते झाडाच्या मुळाशी हाताची उशी करून आडवे झाले. झोपले, आणि झोपेतच सुटले. मुक्त झाले.

इकडं राणीला अंगाई आठवली. दुसरी ओळ म्हणेपर्यंत राजपुत्र झोपला, तिसरीला राणी झोपली. राजा उभ्या उभ्या झोपला, त्याचा मुकुट सेनापतीच्या पोटावर पडला, तरी सेनापती जागा झाला नाही. म्हशी बसल्या. आणि कुंभार आळीत धुरपाची सासू कुशीवर वळली आणि अशी घोरायला लागली, की बस! धुरपा मात्र घरापर्यंत पोचलीच नाही. गारगोट्यांच्या रांगांमध्येच आडवी झाली.

तीन दिवस करंजगड झोपलं होतं. चौथ्या दिवशी कोंबडा आरवला तेव्हा सगळे उठले. सासूचा ताप उतरला होता. ती स्वतः चालत पठारावर गेली आणि तिनं धुरपाला उठवलं. मग काय मिरवणूक काढली राजानं! हत्तीवर धुरपा, पुढं तुताऱ्या, मागं सगळी कुंभार आळी. सासू हत्तीच्या पुढं पुढं चालत ज्याला त्याला सांगत होती, "माझी सून आहे ती, माझी सून!" राजपंडित भर रस्त्यात हत्तीपाशी आले. म्हणाले, "धुरपाबाई, मला शिकवाल का हे?" धुरपा म्हणाली, "उद्या अंगणात या. पणत्या मांडायच्यात." आणि ते खरंच गेले, बरं का. रोज जायला लागले. सेनापतीही जायचा.

राजानं विचारलं, "या गारगोट्यांचं काय करायचं?" धुरपानं त्यांची एकच लांबच लांब रांग केली, पठारापासून गडाच्या दरवाजापर्यंत. त्यांना आवडते तशी, एकच रांग. लोक लांबलांबून ती बघायला यायचे, शेजारून चालायचे, आणि कौतुकानं म्हणायचे, "दहा हजार सात! कुणाला मोडला नाही!"

धुरपा, तिचा नवरा, सासू, राजा, राणी, सगळे खूप वर्षं सुखात राहिले. पोटभर जेवले, पोटभर झोपले. तर अशी ही गोष्ट. घ्या आता पांघरूण गळ्यापर्यंत, आणि मिटा डोळे. कुणी मधे बोलायचं नाही. मी दिवा बारीक करते.